भद्राला कोणी विचारलंच नाही

गेमसाठी गोष्ट लिहिण्याच्या नोकरीत दिवसाचा मोठा भाग आरोळ्या लिहिण्यात जातो. आमच्या धंद्यात त्यांना बार्क्स म्हणतात. पहारेकऱ्याला झुडपात हालचाल दिसली की तो काय ओरडेल, शेजारचा साथीदार पडला की काय, गोळ्या संपल्या की काय, गवताला आग लागली की काय. एकेका प्रसंगासाठी पंधरा-वीस वाक्यं लागतात, कारण खेळणारा त्याच चौकीवर पुन्हा पुन्हा मरून परत येतो. तेच वाक्य तिसऱ्यांदा कानावर पडलं की पहारेकऱ्यातला माणूस संपतो आणि नुसता आवाज उरतो. ही सगळी वाक्यं एका लांबलचक एक्सेल शीटमध्ये बसतात: ओळ कोणाची, कधी वाजायची, कोणत्या अटीवर वाजायची. हे काम मला मनापासून आवडतं. पण मी या क्षेत्रात आले ती आरोळ्यांसाठी नाही.

मी आले एकांकिकांमधून. पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या दिवसांत भरत नाट्य मंदिराच्या विंगेत उभं राहून प्रेक्षकांचा अंदाज घ्यायची सवय लागली. रंगमंचावरच्या पात्राने नको तो निर्णय घेतला की अंधारातून हलकासा 'च्' येतो. लिहिणाऱ्याला तो ऐकू आला की सगळ्या तालमी कारणी लागतात. गेममध्ये तो 'च्' करणारा माणूसच निर्णय घेणार असतो. बटणावरचा अंगठा त्याचा असतो आणि पुढे जे होईल ते त्याने केलेलं असतं. नाटकाला हे जमत नाही, सिनेमाला नाही, कादंबरीलाही नाही. नैतिक पेच मांडायला याहून चांगली जागा नाही असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. म्हणूनच मोठ्या पैशांचे, मोठ्या नावांचे गेम ही जागा वाया घालवतात तेव्हा मला फार लागतं.

आमच्या पुण्यातल्या स्टुडिओत खुल्या जगाच्या एका शूटर गेमचं काम सुरू झालं, तेव्हा लीडने लेखनाच्या चमूला सांगितलं की लिहायला बसण्याआधी 'फार क्राय' मालिका नीट खेळा. निर्णय कुठे येतात, कसे येतात आणि घेतल्यावर त्यांचं पुढे काय होतं, याच्या नोंदी काढा. मालिकेतल्या चौथ्या भागावर मी सर्वांत जास्त रेंगाळले. एक तर तो आपल्या शेजारचा होता, आणि दुसरं म्हणजे त्याची सुरुवात मी पाहिलेल्या उत्तम सुरुवातींपैकी एक आहे.

'फार क्राय ४' हा युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओचा गेम २०१४च्या नोव्हेंबरात आला. हिमालयात किरात नावाचा एक कल्पित देश आहे. तिथे पेगन मिन नावाचा राजा, आणि त्याच्याविरुद्ध लढणारी 'गोल्डन पाथ' ही बंडखोर संघटना. हे जग उभं करताना नेपाळमधलं १९९६ ते २००६ या काळातलं यादवी युद्ध निर्मात्यांच्या डोळ्यांसमोर होतं, आणि त्यांची माणसं नेपाळला जाऊनही आली होती. बानापूर, शिखरपूर, वर्षाकोट, खिलाना बझार अशी ठिकाणांची नावं. मंदिरांवर फडफडणाऱ्या पताका, मणिचक्रं, चहाचे मळे, घाटातून वाकडीतिकडी उतरणारी रिक्षा. परदेशी शूटरमध्ये आपल्या बाजूचा मुलूख बहुधा गोळीबाराची पार्श्वभूमी म्हणून येतो. इथे निदान नावं उच्चारताना जीभ अडखळत नव्हती. त्यामुळे माझी अपेक्षा वाढली, आणि पुढची निराशाही त्याच मापाची झाली.

नायक अजय घले लहानपणी आईबरोबर अमेरिकेत गेलेला. आई ईश्वरी वारते. तिची शेवटची इच्छा असते की मला लक्ष्मणाकडे परत ने. लक्ष्मणा म्हणजे एखादं ठिकाण असणार, असं तो समजतो, आपणही समजतो. अस्थी घेऊन तो बसने किरातमध्ये येतो. नाक्यावर बस अडवतात, गोळीबार होतो, आणि हेलिकॉप्टरमधून गुलाबी सूट घातलेला, पिवळे केस मागे वळवलेला पेगन मिन उतरतो. बस थांबवायला सांगितलं होतं, गोळ्या घालायला नाही, या कारणावरून तो स्वतःच्याच माणसाला पेनाने भोसकून मारतो, आणि लगेच जुन्या ओळखीच्या माणसासारखा अजयला जवळ घेऊन सेल्फी काढतो. ट्रॉय बेकर या नटाने त्याला दिलेल्या आवाजात क्रौर्य आणि जिव्हाळा एकाच श्वासात आहेत. हा माणूस आपल्या आईला ओळखत होता, हे दोन मिनिटांत कळतं. कशी ओळख, किती, हे कळत नाही. नाटकाच्या पहिल्या प्रवेशाने यापेक्षा जास्त काय करायचं?

पेगन अजयला जेवायला घेऊन जातो, आणि सबल नावाचा बंडखोर त्याला तिथून बाहेर काढतो. संघटना अजयच्या वडिलांनी, मोहन घल्यांनी, उभी केलेली. म्हणून आल्या दिवसापासून हा परदेशात वाढलेला मुलगा सगळ्यांचा तारणहार. आणि इथून गोष्ट ढिली पडत जाते.

बंडखोरांचे दोन नेते आहेत. सबलला किरातच्या परंपरा, देवळं, जुनं धर्मजीवन परत आणायचं आहे. अमिताला ते जोखड फेकून देऊन देश नव्याने उभा करायचा आहे, आणि त्यासाठी पैसा अफूतून आला तरी तिला चालणार आहे. मोहिमांच्या अधूनमधून दोघे भांडताना भेटतात आणि अजयने एकाची बाजू घ्यायची. पहिलाच पेच ऐका. काही साथीदार शत्रूच्या तावडीत आहेत, त्यांना सोडवा, असं सबल म्हणतो. अमिता म्हणते की त्याच वेळात शत्रूच्या हालचालींची कागदपत्रं हाती लागतील आणि त्यातून पुढे कितीतरी जास्त जीव वाचतील. पुढे एकदा अफूची शेतं जाळायची की राखायची, असा वाद येतो. नंतर एक प्राचीन देऊळ वाचवायचं की उडवायचं.

कागदावर हे प्रश्न चांगले आहेत, हे मी नोंदवहीत लिहिलं होतं आणि अजूनही म्हणते. समोर मरणारा माणूस आणि पुढे मरू शकणारी दहा माणसं यांच्यातला प्रश्न जगातल्या प्रत्येक युद्धात कोणाला ना कोणाला पडलेला आहे. पण गेममध्ये तो पडतो कसा? दोघे एका खोलीत उभे. दोघांनी आपापलं म्हणणं चार-सहा वाक्यांत सांगायचं. नकाशावर दोन खुणा. ज्या खुणेवर जाल ती तुमची नैतिकता. ज्या साथीदारांना सोडवायचं आहे त्यांच्यापैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नसतं, त्यांच्यातल्या कोणाबरोबर कधी चहा घेतलेला नसतो. जे देऊळ वाचवायचं तिथे कोणाच्या आजीने कधी नवस बोललेला आपण ऐकलेला नसतो. सबलला निवडलं की अमिता संतापते, एखादं बोचरं वाक्य बोलते, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तितक्याच विश्वासाने आपली बाजू मांडायला उभी राहते. गावं तशीच, बाजार तसाच, रस्त्यावर भेटणारे बंडखोर तसेच.

मी दोन्ही वाटांनी खेळले. नोंदींचे दोन रकाने जवळजवळ सारखे भरले, तेव्हा त्या कामाचा उत्साहच मावळला.

पुण्यात बसून अमिता आणि सबलचं भांडण ऐकताना आगरकर आणि टिळक आठवल्यावाचून राहत नाहीत. आमच्या चमूतही तो विषय निघालाच. १८८०मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उभी करताना जी माणसं जवळ आली, तीच पुढे आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय, या प्रश्नावर दुरावली. आगरकरांनी १८८७मध्ये 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यात मुलीचं वय दहावरून बारावर न्यायचं होतं. टिळक विरोधात उभे राहिले, आगरकर बाजूने. या भांडणात आजही आपला जीव अडकतो, कारण दोघांनी एकत्र काय बांधलं होतं ते आपल्याला ठाऊक असतं, आणि शाळेपासून वर्तमानपत्रापर्यंत त्या फुटीचे परिणाम दाखवता येतात. सबल आणि अमितानेही एकेकाळी एकत्र काहीतरी बांधलं असेलच. ते गेमने एकदा तरी दाखवलं असतं, दोघांची एखादी जुनी आठवण, एखादा एकत्र सोसलेला पराभव, तर पुढच्या प्रत्येक पेचाला वजन आलं असतं. त्यासाठी नवं गाव बांधावं लागलं नसतं.

शेवटी तर गेम हात वर करतो. ज्याची बाजू अजयने घेतली तो नेता दुसऱ्याला संपवायला सांगतो. पेगनचा निकाल लागल्यानंतर परत जाऊन पाहिलं तर अमिता माणसांना, मुलांनासुद्धा, सैन्यासाठी आणि अफूच्या कामासाठी जबरदस्तीने नेते आहे. सबलला निवडलं असेल तर तो देवळात अमिताच्या माणसांचा वध करवतो आहे आणि भद्रा नावाच्या कोवळ्या मुलीला देवी म्हणून बसवतो आहे. खेळणाऱ्याला कळावं ते हे, की दोन्ही वाटा नरकाकडेच जात होत्या. मग पाहिजे तर त्या नेत्यालाही गोळी घाला. तेवढी मुभा आहे.

इथे माझं निर्मात्यांशी खरं भांडण आहे. दोन्ही शेवट काळे केले की गोष्ट सखोल होते, असा या क्षेत्रात एक समज आहे. मला तो आळशीपणा वाटतो. सत्ता सगळ्यांना बिघडवते, हे वाक्य कोणत्याही देशाबद्दल, कोणत्याही काळात, काहीही न अभ्यासता लिहिता येतं. ज्या नेपाळकडे पाहून हा देश रचला, तिथे काय झालं? सतरा हजारांच्या आसपास माणसं मारली गेली, मुलांच्या हातात बंदुका दिल्या गेल्या, दोन्ही बाजूंनी अत्याचार केले. आणि तरीही २००६मध्ये करार झाला, २००८मध्ये राजेशाही गेली, २०१५मध्ये नवं संविधान आलं. त्या सगळ्यात तडजोडी होत्या, फसवणुकी होत्या, न मिळालेला न्याय होता. पण तिसरी वाट माणसांनी शोधली. भद्राच्या पात्रामागे काठमांडू खोऱ्यातली कुमारीची परंपरा सरळ दिसते. जिवंत देवी म्हणून पुजल्या जाणाऱ्या त्या मुलींबद्दल नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्येच सांगितलं की शिक्षण, आरोग्य, हिंडण्याफिरण्याचं स्वातंत्र्य हे हक्क कुमारी असली तरी तिच्याकडून काढून घेता येणार नाहीत. परंपरा मोडून टाकली नाही, आणि मुलीलाही परंपरेच्या स्वाधीन केलं नाही. सबलही नाही, अमिताही नाही. हे घडलेलं असताना, गेम येण्याच्या सहा वर्षं आधी घडलेलं असताना, लिहिणाऱ्यांना दोनच वाटा दिसाव्यात?

या कामात मुरलेली माणसं यावर एक उत्तर देतात, आणि ते खोटं नाही. फाटे महाग असतात. एका पेचाने गोष्टीच्या दोन वाटा होतात, दुसऱ्याने चार, पाचव्या पेचाला बत्तीस. प्रत्येक वाटेसाठी संवाद लिहायचे, नटांकडून ते रेकॉर्ड करून घ्यायचे, अनेक भाषांत उतरवायचे, चेहऱ्यांच्या हालचाली करायच्या, आणि टेस्टर्सनी प्रत्येक वाट पुन्हा पुन्हा चालून कुठे गेम अडकतो ते पाहायचं. एवढं करून निम्मे खेळणारे निम्मं काम कधी पाहतही नाहीत. म्हणून सगळेच स्टुडिओ वाट फोडतात आणि दोन प्रसंगांनंतर पुन्हा एकत्र आणतात. आराखड्यात तो आकार हिऱ्यासारखा दिसतो. माझ्या भिंतीवर असे कितीतरी हिरे लागलेले आहेत. खर्चाची ही अडचण मी रोज पाहते आणि तिच्याबद्दल मला आदर आहे.

पण निवडीचं वजन फक्त फाट्यांच्या संख्येतून येत नाही. 'बायोशॉक' हा २००७चा गेम घ्या. तिथे लहान मुलींना वाचवायचं की त्यांच्यातलं द्रव्य ओरबाडायचं, हा पेच वारंवार येतो. ओरबाडलं तर त्या द्रव्याचे १६० एकक मिळतात, वाचवलं तर ८०. ऐकायला हे खरं प्रलोभन आहे. पण ठरावीक मुली वाचवल्या की भेट म्हणून २०० येतात आणि हिशेब जवळपास सारखा होतो. चांगुलपणाला काहीच किंमत मोजावी लागली नाही, तर तो चांगुलपणा खेळणाऱ्याच्या अंगाला लागत नाही. तिथे फाटे वाढवायची गरजच नव्हती, एक आकडा बदलायला हवा होता.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शूटरमध्ये आपल्या हाताला एकच काम शिकवलेलं असतं. 'फार क्राय ४'मध्ये २४ चौक्या, ४ गढ्या, १७ घंटामनोरे आहेत. चौक्या जिंकायच्या, मनोरे चढायचे, जनावरं मारून त्यांच्या कातड्याच्या पिशव्या करायच्या. हे सगळं करताना हात तरबेज होतात, आणि खरं सांगायचं तर मजा येते. मग मध्येच गोष्ट थांबते आणि नैतिक प्रश्न विचारला जातो, तो मात्र त्या हातांना नाही. तो खुणेला विचारला जातो. ज्या अंगठ्याने शेकडो पहारेकरी मारले त्याला भद्राबद्दल काही करता येत नाही, कारण बोलणं, थांबवणं, समजावणं, माफी मागणं यांतलं एकही कृत्य गेमने हाताला दिलेलंच नाही. मोहनच्या डायऱ्या नकाशावर ठिकठिकाणी सापडतात. त्या वाचत गेलं की संघटनेचा पूज्य संस्थापक माणूस म्हणून कसा होता ते उलगडत जातं. चांगलं लिहिलेलं आहे ते. पण वाचून अजय काय करू शकतो? वडिलांच्या नावाने आणाभाका घेणाऱ्या सबलसमोर ती डायरी ठेवता येत नाही. जे कळलं त्याचं काही करताच येत नसेल, तर ते कळणं गोष्टीत जमा होत नाही, नुसतं गोळा केलेल्या वस्तूंच्या यादीत पडून राहतं.

आणि गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की याच मालिकेने हे एकदा करून दाखवलं होतं. २००८चा 'फार क्राय २', क्लिंट हॉकिंग यांच्या दिग्दर्शनाखाली झालेला. आफ्रिकेतला एक निनावी देश, दोन लढणारे गट, आणि मलेरियाने तापलेला नायक. त्याला गोळ्या हव्या असतात, बंदुकीच्या नव्हे, ज्वराच्या. त्या मिळवायच्या तर लपून राहिलेल्या लोकांना देशाबाहेर जायची कागदपत्रं पोहोचवावी लागतात. बंदुका गंजतात, अडकतात. लढाईत अडकलो की एखादा सोबती येऊन आपल्याला ओढून बाहेर काढतो. आणि कधी तोच सोबती जखमी होऊन पडतो. आपण त्याच्याजवळ गुडघे टेकतो. जवळ वेदनाशामक इंजेक्शन असतं. एक द्यायचं. कधी तेवढ्याने तो उठतो. कधी आणखी मागतो, आणि मग आपल्याला कळतं की आणखी दिलं तर तो झोपेल तो कायमचा. किंवा पिस्तूल. किंवा उठून चालू लागायचं. पडद्यावर दोन खुणा येत नाहीत, कोणी आपली बाजू मांडत नाही. त्याने काल आपला जीव वाचवलेला असतो, एवढंच आपल्याला माहीत असतं. याच हातांनी, याच बटणांनी. मी तो प्रसंग चमूला दाखवला तेव्हा खोलीत कोणी बोललं नाही, आणि मग लेव्हल डिझायनरने विचारलं, 'याला नवी वाट कुठे लागली?' लागलीच नव्हती.

चौथ्या भागातही एक असा क्षण आहे, पण तो लपवून ठेवलेला आहे. सुरुवातीच्या त्या जेवणाच्या टेबलावर पेगन अजयला म्हणतो, इथेच थांब, मी आलोच. कुठून तरी छळाच्या किंकाळ्या ऐकू येतात. शूटर खेळणाऱ्याला थांबणं ठाऊकच नसतं, त्यामुळे जवळजवळ सगळे उठतात आणि पळतात. पण कोणी खुर्ची न सोडता साधारण पाव तास बसून राहिलं, तर पेगन खरंच परत येतो. तो अजयला एका समाधीपाशी नेतो आणि सांगतो: लक्ष्मणा ही त्याची आणि ईश्वरीची लहानगी मुलगी, अजयची सावत्र बहीण. मोहनने तिला मारलं. ईश्वरीने मोहनला मारलं आणि अजयला घेऊन देश सोडला. अजय आईच्या अस्थी मुलीशेजारी ठेवतो. श्रेयनामावली सुरू होते. बंदुकीला हात न लावता गेम संपतो.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उठून खोलीभर फिरले. इथे प्रश्न नकाशाला नाही, हाताला विचारलाय, आणि उत्तर आहे हात आवरणं. तो प्रश्न अजयच्या इथे येण्याच्या एकमेव कारणातून आलाय: आईची इच्छा. जो मुलगा त्या इच्छेवर ठाम राहतो त्याला ती पुरी करता येते, जो बंदुकीमागे धावतो त्याला ती फार उशिरा आणि फार माणसं मारून सापडते. आणि कोणाजवळ थांबायचं, तर एका क्रूर हुकूमशहाजवळ. त्याचं ऐकून घेणं हेही निष्पाप नाही. इतका सुंदर गुंता लिहिणाऱ्या लोकांनीच ते खुणांचे पेच लिहिले, हे मला आजवर उमगलेलं नाही. मधल्या तीस-चाळीस तासांत अजयच्या तोंडी आईबद्दल जेमतेम काही येतं. तो कधीच विचारत नाही की पेगनने मला का मारलं नाही. तो धागा मधल्या मोहिमांत नुसता जिवंत ठेवला असता, तरी सबल आणि अमिताच्या प्रत्येक आदेशावर आईची सावली पडली असती.

पुढच्या भागांनी यातून नको ते उचललं. २०१८च्या पाचव्या भागात माँटानातल्या एका कल्पित परगण्यात जोसेफ सीड नावाच्या पंथप्रमुखाला अटक करायची असते, आणि तिथेही सुरुवातीला हात न उचलता थांबलं तर गेम संपतो. २०२१च्या सहाव्या भागात होडीत बसून देश सोडता येतो. थांबणं, निघून जाणं ही आता मालिकेची ठरलेली खूण झाली आहे. चौथ्या भागात त्यामागे आई होती. ती गेली आणि युक्ती तेवढी राहिली. पाचव्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. तिथे गोष्ट खेळणाऱ्याला पुन्हा पुन्हा पकडून नेते, आपण कितीही चांगले खेळलो तरी, आणि शेवटी लढलात तर अणुस्फोट, नाही लढलात तरी सुटका नाही. खेळणाऱ्याला दोषी ठरवायचं असेल तर आधी त्याला दुसरं काही करू शकण्याची खरी संधी द्यायला हवी, एवढंच म्हणते.

आमच्या गेममध्ये कोरड्या मुलखातली एक टँकरची मोहीम होती. टँकर शत्रूकडून सोडवायचा आणि पाणी छावणीला द्यायचं की दवाखान्याला, हा पेच. पहिला आराखडा रूढ पद्धतीचा झाला होता: दोन माणसं, दोन भाषणं, दोन खुणा. टेस्टर्स भाषणं पुरती ऐकतही नव्हते. कुठे बक्षीस मोठं, एवढंच विचारत होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. आम्ही त्यांना तेवढंच विचारायला जागा ठेवली होती.

नोंदींवर चर्चा झाल्यावर आम्ही भाषणं काढून टाकली. खुणाही काढल्या. टँकर खेळणाऱ्याच्या हातात, स्टिअरिंग त्याच्या हातात. गोळ्या लागल्या तर टाकीला भोकं पडतात आणि पाणी वाटेत गळत जातं. रस्त्याच्या कडेला हंडे घेऊन माणसं उभी असतात. थांबायचं की नाही, हे ब्रेकवर ठरतं. कुठे किती वेळ थांबलात, तेवढं पाणी तिथे उतरतं, पुढच्यांसाठी तेवढं कमी. प्रोग्रामरने प्रत्येक वस्तीसाठी एकेक फ्लॅग ठेवला, पाणी मिळालं की नाही, आणि मला आणखी बार्क्स लिहायला सांगितले. पुन्हा तिथून गेलात तर कोणी ओळखून हात करतं, कोणी पाठ फिरवतं. एक बाई विचारते, 'त्या दिवशी गाडी का नाही थांबवलीस?' नवी वाट नाही, नवं गाव नाही, नवा शेवट नाही. आधीच्या आराखड्यापेक्षा खर्च कमी झाला, कारण लांब भाषणांचं रेकॉर्डिंग वाचलं. मला वर्षानुवर्षं आरोळ्या लिहिण्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

टेस्टर्सच्या खोलीत त्यानंतर जे सुरू झालं ते पाहायला मी रोज जाऊन बसायचे. एक मुलगा पहिल्याच वस्तीत सगळं पाणी देऊन बसला आणि दवाखान्यापाशी रिकामी गाडी घेऊन गेल्यावर त्याने कंट्रोलर खाली ठेवला. शेजारची मुलगी कोणासाठीच थांबली नाही आणि दवाखान्यात पोहोचून परत येताना सगळा रस्ता गप्प होती. मग दोघांचं जुंपलं. तू का थांबलास, तू का नाही थांबलीस. बक्षीस किती मिळालं, हे कोणी विचारलं नाही.

नव्याने आलेले लेखक अजूनही मला 'फार क्राय ४'बद्दल विचारतात: अमिता बरोबर की सबल? ते वाद घालतात, आणि वाद घालावासा वाटतो यातच त्या प्रश्नाचा कस दिसतो. मी त्यांना एक काम देते. त्या मोहिमा जशा आहेत तशा ठेवा, एकही फाटा वाढवू नका. फक्त भद्रासाठी बार्क्स लिहा. तिला देवळात बसवायचंय की नाही यावर दोन मोठी माणसं तिच्या डोक्यावरून भांडतात. देवळाच्या पायऱ्यांवर ती अजयला भेटली तर काय विचारेल? अफूची शेतं जळताना तिला कोणाचं घर आठवेल? अमिताने मैत्रिणीला सैन्यात नेलं, तर दुसऱ्या दिवशी ती कोणाशी बोलेल? बरेच जण पहिल्या मसुद्यात तिच्या तोंडी अमिताचं किंवा सबलचंच म्हणणं घालतात. ते मी परत देते. आणि चौथ्या-पाचव्या मसुद्याला कोणीतरी असं वाक्य आणतं की त्यात दोघांपैकी कोणीच नसतं. परवा एकीने लिहून आणलं, 'तुमचं ठरलं की मला सांगा, तोवर मी शाळेत जाऊन येते.' ते मी शीटमध्ये तसंच ठेवलंय.